रविवारी चारला, बर्फ कारखान्यात

या शहरात गाणंबजावणं कुठे आहे, ते माझ्या लाँड्रीच्या काचेवर कळतं. दर बुधवारी मी तिथे कागद लावते: येत्या आठवड्यात कोण, कुठे, किती वाजता, आणि जावं की घरीच झोपावं. फोनवरही पाठवते. पण काचेसमोर उभं राहून वाचणारे मला जास्त आवडतात, कारण वाचता वाचता ते आत येऊन मळके शर्टही टाकून जातात.

लोक विचारतात, ताई, तुम्हाला सगळ्यांच्या आधी कसं कळतं? अहो, कपड्यांवरून! कार्यक्रम ठरला की वाजवणाऱ्याला पहिल्यांदा आठवतो तो कपाटातला चुरगळलेला कोट. व्हायोलिनवाल्याच्या कोटाची डावीकडची कॉलर घासलेली असते, गाणारीच्या झग्याला काखेत घामाचे पांढरे डाग असतात. कोट आला की मी विचारते, "कधीचं आहे?" मग हॉलच्या दारवानाला फोन करून खात्री करते, आणि मगच ओळ लिहिते. वाईट वाजवणाऱ्याला वाईट म्हणते. एक बासरीवाला तेव्हापासून माझ्याकडे कपडे टाकत नाही. न टाको मेला. सूर लागत नव्हता म्हणजे नव्हता.

घरात आम्ही दोघंच, मी आणि माझा भाऊ. चाळिशी उलटली त्याची, तरी मी धाकट्या म्हणूनच हाक मारते. आई गेली तेव्हा तो शाळेत होता, पुढचं सगळं मीच केलं. ड्रम वाजवायचा. बहीण म्हणून नाही सांगत, बहिणीच्या नात्याने मी त्याला शिव्याच जास्त दिल्यात. पण तो वाजवायला बसला की चहा गार व्हायचा लोकांचा. मग एके दिवशी त्याच्या बँडने त्याच्या जागी कोवळा पोरगा घेतला. धाकट्याने काड्या माळ्यावर टाकल्या आणि माझ्या दुकानात इस्त्रीला उभा राहिला. वाढलेलं जेवायचा, विचारलेलं बोलायचा. मी रेडिओ लावला की उठून मागच्या अंगणात जायचा. माणूस घरात होता, पण असून नसल्यासारखा. मला त्याचं फार वाईट वाटायचं आणि वाईट वाटलं की मला राग येतो, त्यामुळे घरात माझाच आवाज असायचा.

आता नकल्याचं सांगते. नकल्या म्हणजे शहरातल्या कार्यक्रमांची वेबसाइट चालवणारा एक पोरगा. फोन मी फिरवायचे, दारवानांची मिनतवारी मी करायची, आणि बुधवारी संध्याकाळी माझा कागद जसाच्या तसा ह्याच्या वेबसाइटवर. आयत्या बिळावर नागोबा! विचारलं तर म्हणतो, "मावशी, माहिती कुणाच्या मालकीची नसते." माझ्या नाकाला मिरची झोंबली. म्हटलं, थांब, तुला दाखवते.

मी एक कार्यक्रम बनवला. निव्वळ थाप. लिहिलं: "पाठमोरे. चौघांचा बँड. प्रेक्षकांकडे पाठ करून वाजवतात, कारण प्रेक्षकांची तोंडं बघवत नाहीत. ड्रमवाल्याची जागा रिकामी आहे. रविवारी दुपारी चारला, बर्फ कारखान्यात. जरूर जा." बर्फ कारखाना माझ्या लाँड्रीच्या मागेच आहे. बंद पडून जमाना झाला, दार विटांनी चिणलेलं. त्याच्याच भिंतीला खिळे ठोकून मी चादरी वाळत घालते. तिथे कार्यक्रम व्हायचा म्हणजे उंदरांचाच.

नकल्याने तो शब्दन्‌शब्द उचलला. मी आणि शेजारची चहावाली पोट धरधरून हसलो. आता रविवारी लोक भिंतीवर डोकं आपटतील आणि सोमवारी नकल्याचं आपटतील, असा माझा हिशेब.

सोमवारी सकाळी शाळेच्या बाई पडदे घेऊन आल्या. ह्या बाई माझा कागद वाचल्याशिवाय कुठे जात नाहीत.

"काय कार्यक्रम सांगितलात हो!" म्हणाल्या. "आयुष्यात असं ऐकलं नव्हतं."

"कुठला?"

"पाठमोरे. शेवटपर्यंत तोंडं दाखवली नाहीत. गत संपली, आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या थांबेपर्यंत मंच रिकामा. मागे दारसुद्धा नाही हो, नुसती भिंत. गेले कुठून देव जाणे. फक्त पाच स्टुलं राहिली होती. ड्रमपाशीच्या स्टुलावर तर कुणी बसलेलंच नव्हतं."

मला वाटलं नकल्याने बाईंना पढवून पाठवलंय. पण बाई थापा मारणाऱ्यातल्या नाहीत, आणि दुपारपर्यंत आणखी तिघंचौघं तेच सांगून गेली. मी मागे जाऊन दार बघितलं. विटा होत्या तशा होत्या. फटींतली जळमटंसुद्धा जागच्या जागी. माझ्या चादरी वाळत होत्या. उन्हाचा तडाखा होता आणि मला हुडहुडी भरली.

गुरुवारी मी साबण आणायला बाजारात गेले होते. परत आले तर टेबलावर कोटांचा ढीग आणि धाकटा त्यांच्यापाशी उभा.

कोट उलटसुलट करून बघितले. चार जुने, एक नवा. आयुष्य कपड्यांत गेलं माझं, असे कोट मी बघितले नव्हते. पुढून काळेभोर, काल शिवल्यासारखे. बटणांच्या काजांना धागासुद्धा सुटलेला नाही. आणि चार जुन्यांच्या पाठी विटलेल्या, राखाडी. नव्याची पाठसुद्धा काळी.

"कुणी दिले?"

"चौघं होते," धाकटा म्हणाला. "हातांत कपडे होते ना, पाठीने दार ढकलत आत आले. कोट मागच्या मागे टेबलावर ठेवले आणि गेले."

"तोंडं कशी होती?"

तो विचारात पडला. "बघायचं राहिलंच गं," म्हणाला.

पाचवा कोट त्याने अंगाला लावून दाखवला. अगदी मापाचा. "ड्रम वाजवायला ये म्हणालेत. रविवारी."

"ताई!" असं म्हणून तो हसला. किती वर्षांनी! दात दिसले त्याचे. माझी पाचावर धारण बसली.

त्या रात्रीपासून तो इस्त्रीच्या टेबलावर बोटांनी ठेका धरायला लागला. माळ्यावरच्या काड्या खाली आल्या. जेवताना दोनदा मागून घेतलं. लहानपणी करायचा तसा ताटाच्या काठावर चमच्याने वाजवायला लागला, आणि मला "गप रे" म्हणवेना. एकीकडे त्याला कुठे ठेवू आणि कुठे नको असं झालं होतं, आणि दुसरीकडे शाळेच्या बाईंचं बोलणं कानातून जात नव्हतं. गत संपली की ते जातात. हा त्यांच्याबरोबर बसला तर हाही जाणार.

शुक्रवारी मी काचेवर मोठ्या अक्षरांत लावलं: पाठमोरे रद्द. नकल्याने तेही उचललं, पहिल्यांदाच मला त्याचा राग आला नाही. लोकांनी काय केलं? वाचलं आणि म्हणाले, "रद्द कसं असेल? आतून तालमीचा आवाज येतोय." मी जाऊन भिंतीला कान लावला. गार होती भिंत, भर उन्हात. आत कुणीतरी तंबोऱ्यासारखं काहीतरी जुळवत होतं आणि मधे मधे थांबत होतं, कुणाची तरी वाट बघितल्यासारखं.

शनिवारी मी धाकट्याला समोर बसवलं. "हे बघ, तो बँड खोटा आहे. मी बनवलाय. नकल्याला धडा शिकवायला. नाव माझं, जागा माझी, ड्रमवाला नाही हेसुद्धा मीच लिहिलंय, गंमत म्हणून!"

त्याने सगळं नीट ऐकून घेतलं. मग माझ्या हातावर हात ठेवला. "ताई," म्हणाला, "मग बरंच केलंस."

मी डोक्यात राख घालून खूप बोलले. पाय मोडून ठेवीन म्हटलं, आईची आण घातली, शेवटी रडले. त्याने मला पाणी आणून दिलं आणि कोटाची बटणं लावून बघत बसला.

रविवारी मी दुकानाला आतून कुलूप घातलं आणि किल्ली कंबरेला खोचली. धाकटा मागे कपडे वाळत घालायला गेला. बराच वेळ आला नाही म्हणून बघायला गेले, तर पाचही कोट जागेवर नव्हते, चादरी हलत होत्या आणि अंगणात कुणी नव्हतं. चादर बाजूला केली. विटांच्या जागी दार होतं. उघडं.

आत गारवा होता. शंभरेक माणसं बसली होती, सगळी माझीच, काचेसमोर उभी राहणारी. शाळेच्या बाईंनी सरकून जागा दिली. समोर मंचावर चार राखाडी पाठी आणि ड्रमपाशी पाचवी, काळी. त्यांनी सुरुवात केली.

काय सांगू? इतकी वर्षं मी या शहराला सांगत आले, हे ऐका, ते ऐकू नका. त्या दुपारी कळलं की मी काहीच ऐकलं नव्हतं. आणि त्या सगळ्याला धाकट्याने उचलून धरलं होतं. जिथे चौघं भरकटतील असं वाटे, तिथे तो नेमका येऊन उभा राही. शेजारच्या बाई कुजबुजल्या, "तुमचा भाऊ ना हो?" आणि मी सवयीने त्यांच्यावर डोळे वटारले. गत चालू असताना बोललेलं मला खपत नाही.

मग लक्षात आलं, लय वाढतेय. गत संपायला आली. संपली की टाळ्या, आणि टाळ्यांनंतर रिकामा मंच. बोलायचं तर आत्ताच. सगळा जन्म मी दुसऱ्यांना गप्प बसवलं होतं, तरी उठले. बाईंनी पदर ओढला, मागून कुणीतरी "खाली बसा!" म्हणालं. मी बेंबीच्या देठापासून ओरडले, "धाकट्या! घरी चल!"

त्या चौघांपैकी कुणी हललं नाही. धाकटा मात्र वळला. हात थांबले नाहीत, फक्त मान वळली. घामाने चेहरा चमकत होता, आणि तो इतका, इतका आनंदात होता की मला आई असती तर तिला दाखवावंसं वाटलं. त्याने माझ्याकडे बघितलं, ओळखलं, हसला. मग एक काडी ओठांवर आडवी धरली. गप्प.

मी बसले. काय करणार होते? त्याचं बरोबर होतं.

गत संपली. एवढ्या टाळ्या वाजल्या की विटा हलल्या असतील. त्यांत माझ्याही होत्या. नंतर मंचावर पाच स्टुलं होती आणि मागे भिंत.

या गोष्टीला आता बरेच महिने झाले. मी पाठमोऱ्यांबद्दल कागदावर अवाक्षर लिहीत नाही, नकल्याही लिहीत नाही, तरी रविवारी चारला लोक येतात. मीही जाते. पहिल्यांदा गेले ती त्याला ओढून आणायला. दुसऱ्यांदाही तेच ठरवलं होतं. आता पहिल्या रांगेत गुपचूप बसते. तो पुन्हा कधी वळला नाही. घरी होता तेव्हा तोंड दिसायचं, पण वाजवत नव्हता. आता वाजवतो आणि पाठ दिसते. यातलं बरं कुठलं, ते मला विचारू नका, मी चिडेन.

गेल्या रविवारी बघितलं, मानेवर केस फार वाढलेत त्याचे. घरी असता तर मी ओरडून ओरडून कापायला लावले असते.