दादाचा ओरिजिनल बास

दादाच्या बास गिटारला धाकट्याने हात लावायचा नाही, असा घरात कायदाच होता. जगाच्या गिटारी आणि व्हायोलिनं दुरुस्त करून देणाऱ्या धाकट्याने सख्ख्या भावाचं वाद्य तेवढं लांबूनच बघायचं! जिथे दादाचा हात टेकायचा तिथला रंग पार लाकडापर्यंत उडाला होता. दांड्यावरच्या फ्रेटच्या, म्हणजे स्वरांच्या जागा ठरवणाऱ्या धातूच्या, पट्ट्या झिजून सपाट झाल्या होत्या. आणि दांडा तर असा वाकला होता की तो नुसता दिसला तरी धाकट्याची दाढ ठणकायला लागायची.

"ओरिजिनल आहे," दादा म्हणायचा. "एक स्क्रूसुद्धा बदललेला नाही." हे तो अशा थाटात सांगायचा, जणू तोही बासबरोबरच कारखान्यातून निघाला होता.

धाकट्याच्या मते हा शुद्ध आडमुठेपणा होता. वाद्य वाजवण्यासाठी असतं, नुसतं मिरवायला नव्हे. पण दादापुढे तोंड उघडायची सोय नव्हती, म्हणून वर्षानुवर्षं तो मूग गिळून बसला.

मग एक दिवस ड्रमर दुकानात आला. तो आणि दादा तरुणपणापासून एकाच बँडमध्ये. दर शनिवारी हॉटेलच्या हॉलमध्ये लोक नाचायला यायचे आणि हे दोघे मागून वाजवत त्यांना नाचवायचे.

"तुझ्या भावाला काहीतरी सांग बाबा," ड्रमर म्हणाला. "बास खरखरतो. सूर सोडतो. मधेच एखादा ठोका गिळतो. नाचणारे अडखळतात आणि मालक माझ्याकडे डोळे वटारतो. दुसरा माणूस बघा म्हणाला."

"दांडा वाकलाय. दुसरं काय होणार?" धाकटा म्हणाला. ठोका गिळायला दांडा कसा कारणीभूत होईल, हा प्रश्न त्याला पडायला हवा होता. पण दुरुस्तीवाल्याला जगातला प्रत्येक दोष लाकडात आणि तारेत दिसतो, तसंच झालं.

संध्याकाळी दोघे मिळून दादाकडे गेले. वहिनी दादाच्या अंगातल्या शर्टाची बटणं लावत होती.

"या वयात एवढे लाड!" ड्रमर हसला. दादा हसला नाही.

धाकट्याने विषय काढला. दादाने एका शब्दात उडवून लावला. "नको."

"अरे पण का नको? दांडा सरळ करतो, पट्ट्या नव्या बसवतो. रंगाला बोटसुद्धा लावत नाही."

"ओरिजिनल राहू दे म्हटलं ना."

"मग तो घरी ठेव," ड्रमर म्हणाला. "माझा मेव्हणाही बास वाजवतो, त्याचा एक नवा कोरा बास पडून आहे. शनिवारी तोच वाजव."

दादाचा चेहरा पडला. त्याने एकदा वहिनीकडे पाहिलं, मग बासकडे. "ने बारक्या," तो म्हणाला. "तूच ने."

धाकट्याला केवढा आनंद झाला! इतक्या वर्षांचा हट्ट अखेर मोडला होता.

त्याने दांडा वेगळा केला. त्याला ताठ ठेवणारी पोटातली सळई गंजून अडकली होती, ती तेल सोडून, धीर धरून मोकळी केली. दांडा ऊब देऊन शिकंज्यात आवळला. जुन्या पट्ट्या उपटल्या, नव्या ठोकल्या, घासून एका पातळीत आणल्या. असं मन लावून काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं. हे दादासाठी होतं.

मधेच एकदा वहिनी दुकानात आली. टेबलावरचे सुटे भाग बघून दारातच थबकली.

"भावोजी, होतं तसं जोडून द्या ना."

"आता? वहिनी, काम निम्म्यावर आलंय."

"आणि दुरुस्त होऊनही वाजलं नाही तर?"

धाकट्याला ते झोंबलं. "माझ्या हातचं काम आहे. वाजणारच."

वहिनीच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. पण दादाने तिला शपथ घातली होती. ती तशीच माघारी गेली.

बास तयार झाल्यावर धाकट्याने आधी स्वतः वाजवून पाहिला. प्रत्येक स्वर भरदार, गोल, खरखरीचं नाव नाही. तो जवळजवळ पळतच दादाकडे गेला.

दादाने बास मांडीवर घेतला, नव्या पट्ट्यांवरून अंगठा फिरवला. "झकास केलंस," तो म्हणाला. खरंच मनापासून म्हणाला. मग वाजवू लागला.

पहिले दोन-चार स्वर नीट आले. मग चाल वर चढली आणि तार खरखरली. पुन्हा खरखरली. एक स्वर आलाच नाही.

धाकट्याने सवयीने बास काढून घेतला, दांडा डोळ्यासमोर धरून पाहिला. ओळंबा लावावा तसा सरळ होता. एकेक पट्टी तपासली. सगळं चोख. परत दिला, दादाने परत वाजवलं, परत तेच. तेव्हा कुठे त्याने दादाच्या बोटांकडे पाहिलं. करंगळी आत वळली होती. तिच्या शेजारचं बोट तारेवर पोचायच्या आधी हवेत थरथरत होतं.



"थांब दादा," तो घाईघाईने म्हणाला. "इथली एक पट्टी उंच राहिलीय. माझीच चूक. देतो नीट करून." आपल्या कामाबद्दल तो पहिल्यांदाच खोटं बोलत होता.

"तुझ्या हातून पट्टी उंच राहत नाही, बारक्या." दादाचा आवाज अगदी साधा होता, राग असता तर बरं झालं असतं. "दांडा वाकडा होता तोवर मी बासवाला होतो रे. लोक बासला नावं ठेवायचे."

धाकट्याला त्याचे पाय धरावेसे वाटले. आपण किती मोठा घात केला आणि तो किती निगुतीने केला, हे त्याला कळून चुकलं. दांडा पुन्हा वाकवता आला असता, पण आता त्यावर विश्वास कोण ठेवणार? आतल्या खोलीत वहिनी पदराने तोंड दाबून रडत होती.

"ड्रमरला फोन लावू," दादा म्हणाला. "त्याच्या मेव्हण्याला म्हणावं, शनिवारी तूच ये. आणि बास हाच घेऊन जा. चांगला वाजतो आता."

फोन त्याने हातात घेतला, पण आकडे काही केल्या नीट दाबता येईनात. शेवटी धाकट्यानेच नंबर लावून दिला.