राहेलची साक्ष

"हितंच का हो प्रभुदास मिस्त्रींचं घर? सुईनं बरं झालं त्येंचं?"

दारातून बाईमाणसाचा आवाज आला. राहेल नवऱ्याच्या पायांना तेल चोळत होती. तिचा हात जागीच थांबला.

बाईचं नाव कस्तुराबाई. राहूहून तळेगावपर्यंत बैलगाडीनं आणि पुढं एसटीनं ती नवऱ्याला घेऊन शिरूरला आली होती. नवरा हौसराव, दणकट बांध्याचा शेतकरी, पाय ओढत मागून आला आणि उंबऱ्याला अडखळला.

"उंबरा लई उंच केलाय मिशनवाल्यांनी," तो हसून म्हणाला.

"उंबऱ्याला कशाला बोल लावता? पाय उचलंना तुमचा," कस्तुराबाई म्हणाली. "ह्ये आसं हाय बघा बाई. तरी ह्यांचं हसनं थांबंना."

प्रभुदास खुर्चीत बसून बघत होता. मिशनच्या सुतारखात्यात त्याचा जन्म गेला. शाळेची बाकं, तान्ह्यांचे पाळणे, मेलेल्यांच्या पेट्या, सगळं त्यानं केलं. हात चालत होते तोवर त्यानं स्वतःसाठी ही उंच पाठीची खुर्ची केली. मान लवंडू नये म्हणून दोन्ही बाजूंना गाद्या ठोकल्या. पुढं काय काय जाणार ते डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि तसंच ते गेलं. आधी हात, मग पाय, मग बोलणं. डोळे आणि कान मात्र शाबूत होते.

नसा सुकत जाण्याच्या या आजाराला औषध नव्हतं. पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात घशासाठी नवं इंजेक्शन पारखून बघत होते. त्यानं गिळणं सोपं होतं का, ठसका कमी होतो का, ते त्यांना बघायचं होतं. मिशनच्या विल्यम डॉक्टरांनी खटपट करून प्रभुदासचं नाव त्यात घातलं. दर आठवड्याला ते स्वतः टोचायला येत आणि विचारत, "काय राहेलबाई, गिळतात का?"

सुरुवातीला खरंच फरक वाटला. मग वाटेना. पण एवढा शिकलेला माणूस उन्हातान्हातून सायकल दामटत येतो, त्याला नाही कसं म्हणायचं? शिवाय नाही म्हटलं तर सुई बंद व्हायची. राहेल म्हणायची, "बरं हाय, डॉक्टर. परवा भाकरी कुस्करून खाल्ली." डॉक्टरांचा चेहरा खुलायचा. खुर्चीतल्या प्रभुदासचाही खुलायचा.

एका रविवारी चर्चमध्ये साक्षी, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगणं, चालू होत्या. पाळकांनी तिचं नाव घेतलं. राहेल उभी राहिली आणि भरल्या मंडळीत बोलली, देवाच्या कृपेनं आमचे धनी बरे होत आहेत. ते बोलणं तळेगावच्या बाजारात गेलं आणि तिथून राहूला.

"ह्यांनाबी त्योच आजार. सुईसाठी पुन्याला भरती व्हा म्हनत्यात," कस्तुराबाई सांगत होती. "आमच्याकडं घरी येऊन टोचनारं कुनी न्हाई, तिथंच म्हैनोन्म्हैने ऱ्हावं लागतंय. म्हनलं, आदी डोळ्यानं बघावं. तुमच्या देवाची आन हाय बाई, खरं सांगा. गुन येतो का?"

राहेलनं हौसरावकडं बघितलं. त्याचे चालतेफिरते दिवस थोडेच उरले होते. ते दवाखान्याच्या खाटेवर घालवायचे का स्वतःच्या रानात, हे आता तिच्या जिभेवर होतं. आणि प्रभुदास ऐकत होता.

"परसात या जरा," ती हळूच म्हणाली.

खुर्चीतून घशातला जड आवाज आला. प्रभुदासची नजर तिच्यावर होती. मग ती नजर हौसरावकडं वळली आणि तिथंच थांबली. हे त्या माणसासमोरच बोल, असंच तो सांगत होता.

"गुन न्हाई," राहेल म्हणाली. "सुरवातीला वाटला. आता पानीसुदिक धड उतरत न्हाई. दुसऱ्या कुनाला आला आसंल तर ठावं न्हाई. ह्यांना न्हाई. डॉक्टरांस्नी खोटं सांगितलं मी. मंडळीतबी."

"आगं बया! सगळ्या मुलखाला आशा लावलीस की गं!"

"गप," हौसराव म्हणाला. "परवा तू बी डॉक्टराला म्हनलीसच की, पाय सुदारतोय म्हनून."

कस्तुराबाईनं पदर तोंडात कोंबला.

नवऱ्याकडं बघायचा राहेलला धीर होईना. शेवटी बघितलं, तर त्याच्या डोळ्यांत ना राग होता ना नवल. घसा त्याचाच होता, गुण नाही हे त्याला केव्हाच कळलं होतं. इतके दिवस त्याचा चेहरा तिच्यासाठी खुलत होता, ते तिला आत्ता उमगलं.

"उद्या डॉक्टर आले की सांगते," ती त्याला म्हणाली. त्यानं पापण्या मिटल्या, उघडल्या.

मग हौसरावनं घसा साफ केला. "मिस्त्रींचं जेवान व्हायचं आसंल न्हवं? कसं भरवता, दावा तरी. हिला शिकावं लागंल."

राहेलनं चुलीवरून पेज आणली. हनुवटी जराशी खाली धरायची, अर्धाच चमचा घालायचा, घशाची घाटी हलली की मगच दुसरा. कस्तुराबाई डोळे पुसत बघत राहिली.

हौसराव सरकत सरकत खुर्चीजवळ आला. "आना हिकडं. माजा हात चालतोय तवर."

चमचा कलला, थोडी पेज प्रभुदासच्या सदऱ्यावर सांडली. प्रभुदासनं त्याच्याकडं बघत तोंड उघडलं. घशाची घाटी हलली, तेव्हा हौसरावनं दुसरा अर्धा चमचा भरला.