दाव्यासकट

मी बंदुका लिहिते. बनवत नाही, लिहिते. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीसाठी सोनईत घरी बसून मी एका खेळाचं पुस्तक लिहीत होते. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचं, एकेकानं एकेक पात्र घ्यायचं, फासे टाकायचे आणि गोष्ट पुढं न्यायची, असला खेळ. गोष्ट पुढच्या शतकातली. सरकारं नावापुरती उरलेली, माणसांच्या मनगटात तारा बसवलेल्या, आणि सगळा कारभार शस्त्रं बनवणाऱ्या कंपन्यांच्या हाती. त्या कंपन्या रचायचं काम माझ्याकडं होतं. आमच्या गल्लीत विचाराल तर पुंजारामची निकिता ‘कंप्युटरवर कायतरी करती’.

पाच कंपन्यांच्या बाबतीत मी नुसत्या पाट्या टाकल्या. सहावी मात्र जीव ओतून केली. तिचं नाव दावण. गोठ्यात जनावरं बांधायची ओळ असते ना, तीच. दावणची बंदूक घेतली की ती तुमच्या मनगटातल्या तारेशी जुळते, तुमच्यासारखा नेम धरते, पण तिचा ताबा कंपनीकडंच राहतो. कंपनीच्या मनात आलं तर ती ऐन चकमकीत थंड पडते. फारच मनात आलं तर मालकावरच उलटते. जाहिरातीची ओळ मी एका दमात लिहिली होती: ‘जनावर तुमचं, दावं आमचं.’

खेळणाऱ्यांनी दावण डोक्यावर घेतली. साखर कारखान्याच्या गेटवरचा वाल्मिक नावाचा एक पहारेकरी मी रचला होता. त्याच्या हातातली दावणची बंदूक त्याच्याच हनुवटीखाली वळते. त्या प्रसंगाला पोरं टाळ्या वाजवायची. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

ही कल्पना लहानपणची. मी सात वर्षांची असताना तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझं लाडकं वासरू विकलं. मी रडून घर डोक्यावर घेतलं, तेव्हा त्यांनी रिकामं दावं माझ्या हातात दिलं. म्हणाले, “दावं आपल्याकडंच हाय की. वढलं की येतंय बघ माघारी.” आमच्याकडं जनावर विकताना गळ्यातलं दावं देत नाहीत, घेणाऱ्यानं आपलं आणायचं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. कारण मात्र मी तेच धरून बसले. दावं ज्याच्याकडं, जनावर त्याचंच.

गेल्या आठवड्यात तात्या आमच्या चांद्या बैलाला घेऊन घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराला निघाले. त्याचा जोडीदार गेल्या वर्षी गेला, एकट्या बैलाला काम उरलं नव्हतं. मीही सोबत गेले. बाजारात पोचतोय तोच करणचा फोन आला. करण म्हणजे आमच्या खेळाच्या कंपनीचा मालक.

“निकिता, एक खरी कंपनी आली आहे. हल्ल्याचे ड्रोन बनवतात. दावण हे नाव आणि ती ओळ त्यांना हवी आहे, मोठ्या प्रदर्शनात लावणार आहेत. तुझा होकार लेखी पाठव, आत्ताच्या आत्ता.”

नावं आणि ओळी माझ्या होकाराशिवाय बाहेर द्यायच्या नाहीत, असं कलम मीच भांडून करारात घालून घेतलं होतं. पण सोनईत बसून लिहिलेली ओळ प्रदर्शनात लागणार म्हटल्यावर मी हवेतच गेले. एका हातात चांद्याचं दावं होतं. दुसऱ्या हातानं मी मोबाईलवर लिहिलं, होकार आहे.

तासाभरात चांद्याचं गिऱ्हाईक ठरलं. तिसगावकडचा ऊसतोडणीवाला होता, नाव श्रीमंत, आणि श्रीमंती तेवढ्या नावातच. सौदा झाल्यावर त्यानं दाव्याला हात घातला. तात्यांनी त्याच्या हातावर हात ठेवला.

“दावं न्हाई मिळायचं, पाव्हनं.”

“माजं टेम्पोत ऱ्हायलं, तात्या. टेम्पो गेलाय दुसऱ्या खेपंला. उद्या धाडून देतो की.”

“उद्या न्हाई नि परवा बी न्हाई.”

चांद्याला माझ्या हवाली करून तात्या दुखऱ्या गुडघ्यानं बाजाराच्या दुसऱ्या टोकाला गेले. तिथून नवं दावं विकत आणलं, चांद्याच्या गळ्यात घातलं आणि मगच आपलं सोडलं. श्रीमंत बैल घेऊन गेला. मी तात्यांची चेष्टा केली, “एवढा आटापिटा कशाला? दावं गेलं की चांद्याला माघारी ओढता येणार नाही म्हणून?”

“इकलेलं जनावर कोन वढतंय? ते त्याचं झालं.” त्यांनी दाव्याची गुंडाळी केली. “दावं ठिवायचं ते आपली दावन मोडू न्हाई म्हनून. खुट्याला दावं असलं की दुसरं जनावर येतंय.”

“मग माझ्या वासराच्या वेळी?”

“तू लई रडत हुतीस. कायतरी सांगायचं म्हनून सांगितलं.”

रडत्या पोरीची समजूत काढायला मारलेली एक थाप, आणि तिच्यावर मी अख्खी कंपनी उभी केली होती. मी तिथूनच करणला फोन लावला. म्हटलं, बंदूक घेऊ देत, तारा घेऊ देत, सगळं प्रकरण घेऊ देत. नाव आणि ओळ मात्र माझ्याकडंच राहू देत.

“बंदुकीचं त्यांना काय करायचंय?” करण शांतपणे म्हणाला. “विकलेला ड्रोन थांबवायची, वळवायची सोय त्यांनी आधीच करून ठेवली आहे. घेणारे तिलाच बिचकतात. तुझ्या ओळीनं ते घरचं वाटतं, म्हणून तर ती हवी होती. आणि तुझा होकार मी लगेच पुढं पाठवला. त्यांचं सगळं पक्कं झालंय.”

“वळवायची म्हणजे कुणाकडं?”

“ते मी विचारलं नाही.”

मला वाल्मिक आठवला. त्याला मी खेळापुरता मारला होता, आणि तोही टाळ्यांसाठी. आता कुठंतरी एक खरा माणूस असणार होता, आणि त्याला घाबरू नको म्हणून सांगायला माझी ओळ जाणार होती. माझी मलाच लाज वाटली. भीतीही वाटली.

परतताना टेम्पोत तात्यांच्या मांडीवर ते दावं होतं. मी त्यांना सगळं सांगितलं. खेळ त्यांना कळला नाही, ड्रोन कळले.

“म्हंजी जनावर त्यांच्याकडं आधीचंच हुतं?”

“हो.”

“आन तू नुसतं दावं दिलंस?”

मी मान हलवली. घर आलं. उतरताना तात्या म्हणाले, “त्यान्ला नवं दावं इकत घिऊन द्यायचं हुतं, बाई.”

मग त्यांनी गोठ्यात जाऊन चांद्याचं दावं रिकाम्या खुंट्याला बांधलं. मला ते बघवेना.