कलमाखालचा खुंट

मी खुंट बोलतोय. गुलाब नव्हे, गुलाबाच्या खालचा. कलमी गुलाब बघताना तुम्ही वरच बघता, वास घेता, फोटो काढता. मातीपासून चार बोटांवर एक बेढब गाठ असते, तिच्या खाली मी असतो. हमाली माझी, हार दुसऱ्याच्या गळ्यात!

मूळचा मी रानगुलाबाच्या काटेरी फांदीचा वीतभर तुकडा. एका घड्याळजींच्या लेकीनं मला छाटून कुंडीतल्या ओल्या मातीत खोचलं. ना मूळ, ना पान. बरेच दिवस मी नुसता चिडून उभा होतो. मग कापलेल्या तळाशी पांढरट गोळा धरला आणि त्यातून मुळं फुटली. मूळ वाढतं ते फक्त टोकाला. टोकावर एक टोपी असते. मातीत घुसताना ती झिजते आणि आतून नवी तयार होत राहते. टोपीच्या जरा मागे बारीक लव असते, पाणी पिते ती ही लव. रोप उपटून दुसरीकडे लावलं की मान टाकतं ना, तेव्हा ही लवच तुटलेली असते. पण उपटणाऱ्याच्या ते गावीही नसतं.

लेक शाळेत विज्ञान शिकवायची आणि घरी आली की बाबांना. बाबा गॅलरीच्या दाराशी टेबल टाकून घड्याळं दुरुस्त करायचे. एका रविवारी तिनं शाळेच्या फाटकाजवळच्या गर्द लाल गुलाबाची काडी आणली आणि बाबांच्या टेबलावरचं पातं उचललं.

"बाबा, हे धरा. आणि हात हलवू नका हं."

"माझा हात हलला असता तर आजवर आपलं पोट भरलं असतं का गं?"

तिनं माझ्या सालीला एक आडवी आणि एक उभी चीर दिली. झोंबलं हो! साल उचलल्यावर आत ओला, बुळबुळीत पापुद्रा दिसला. आमचं खोड जाड होतं ते या पापुद्र्यामुळे. तो आतल्या अंगाला पाण्याच्या नळ्या घडवतो आणि बाहेरच्या अंगाला अन्नाच्या. त्याच्यावर तिनं लाल गुलाबाचा एक डोळा, म्हणजे पानाच्या बगलेतला इवलासा कोंब, सरकवला आणि वरून पट्टी गुंडाळली.

"दोघांचे पापुद्रे जुळले की झालं. खालचा पाणी देणार, वरचा अन्न बनवणार."

"आमच्या संसारासारखंच," आई दारातून म्हणाली. "फक्त इथं दोन्ही कामं मलाच!"

डोळ्यानं जीव धरला तसा लेकीनं माझा शेंडा उडवला. शेंडा असेपर्यंत तो खालच्या कोंबांना झोपवून ठेवतो. तो गेला की झोपलेले उठतात. पाहुणा उठला, तसे माझेही कोंब उठायला लागले, पण ते तिनं नखानं खुडून टाकले.

"गाठीच्या खालून फूट आली तर लगेच काढायची, बाबा. ठेवली तर ती वरच्याला मारते."

आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! पण खोटं कशाला बोलू? त्याची पानं उन्हात अन्न तयार करायची आणि तो गोड रस माझ्या मुळांपर्यंत उतरायचा. माझं पाणी त्याला, त्याचं अन्न मला. पहिलं फूल वाटीएवढं आलं. आईनं ते बघायला अख्खा शेजार गोळा केला.

मग लेक आजारी पडली. भर उन्हाळ्यात घराला कुलूप लागलं. ती दवाखान्यात, आणि आईबाबा तिच्या उशाशी. इकडे कुंडीतली माती तडकली. पानाच्या खालच्या अंगाला हजारो बारीक तोंडं असतात. त्यांतून वाफ बाहेर जाते आणि तिच्या ओढीनं पाणी वर चढतं. पानांनी सगळी तोंडं गच्च मिटून घेतली, पण खाली पाणीच नव्हतं. नळ्यांत हवा शिरली. लाल गुलाब शेंड्याकडून वाळत आला, तो थेट गाठीपर्यंत. तिथून खाली मी कसाबसा तग धरून राहिलो.

कुलूप उघडलं तेव्हा दोघंच आत आले.

आई अंथरुणाला खिळली. जेवण नको, बोलणं नको, कुणी भेटायला आलेलं नको. बाबा सवयीनं मला पाणी घालत राहिले. आता वर शेंडाच नव्हता, त्यामुळे माझे झोपलेले कोंब उठले. वाळक्या काडीच्या शेजारून एक तांबूस कोंब वर आला. एका सकाळी आई भिंत धरत गॅलरीत आली आणि तिनं तो पाहिला.

"अहो! अहो, लवकर इकडे या! जगली हो! बबडी जगली!"

बबडी म्हणजे त्यांची लेक. तिच्या हातचं रोप आईला आता तीच वाटत होतं. बाबा धावत आले, गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी घड्याळाचं भिंग डोळ्याला लावलं. कोंब गाठीच्या खालून आला होता. त्यांच्या हातात पातं होतं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा आईकडे. कितीतरी दिवसांनी ती आपणहून म्हणाली, भूक लागली, ताट वाढा. बाबांनी पातं खिशात टाकलं. पुढे माझी पानं उलगडली. लाल गुलाबाच्या पानाला पाच पर्णिका, म्हणजे एका देठावरची छोटी पानं, असायच्या, माझ्या पानाला सात. बाबांनी भिंगातून त्याही बघितल्या, आणि मला पाणी घालून ते आत गेले.

मग रोज सकाळी आई माझ्यापाशी पाट टाकून बसायला लागली.

"बबडे, आज तुझ्या बाबांनी दूध करपवलं बघ! एवढासा काटा दिसतो यांना, उतू जाणारं पातेलं दिसत नाही!" कधी म्हणायची, "पलीकडच्या काकूंच्या सुनेला मुलगी झाली गं. तुझ्यासारखीच, डोक्यावर केसच केस." आणि उठताना ठरलेलं, "लवकर फूल येऊ दे हं, माझी बाय."

मला कळवळून सांगावंसं वाटायचं, आई, मी ती नव्हे. अंगावर हजारो तोंडं, पण एकालाही आवाज नाही!

थंडी सरली आणि मला कळ्या आल्या. आवरता आल्या असत्या तर आवरल्या असत्या. पण ऊन वाढलं की कळी धरते, तिथं आम्हाला कोण विचारतो? आईनं देवाची बघावी तशी वाट बघितली. एका सकाळी घोस उमलला. लहान लहान, पांढरी, पाच पाकळ्यांची रानफुलं.

"लाल का नाही आलं?" आईनं विचारलं.

बाबा टेबलापासून उठून आले. "हा खालचा खुंट आहे गं. वरचं कधीच वाळलं. आपण दवाखान्यात होतो तेव्हाच."

"तुम्हाला कधी कळलं?"

"पहिला कोंब आला तेव्हा."

आई तिथंच फरशीवर बसली. "मग मी इतके दिवस कोणाशी बोलत होते?"

"तू जेवायला लागली होतीस," बाबा म्हणाले. त्यांचा हात हलत होता.

त्यानंतर ती गॅलरीत आलेली नाही. ताटं पुन्हा भरलेली परत जातात. काल बाबांनी माझा घोस कापून टाकला, चुकून दार उघडलं तर तिच्या नजरेला पडू नये म्हणून. त्यांचा राग नाही मला. पण माणसांनो, मेलेल्याला मेलं म्हणून त्याच दिवशी सांगत जा. तेव्हा ती एकदाच रडली असती. आता त्याच लेकीसाठी दुसऱ्यांदा रडते आहे, आणि या वेळी बाबांजवळही बसत नाही.

आई, दाराआडून ऐकू येत असेल तर ऐक. मी तुझी बबडी नव्हे. मला तिचा रंग नाही, तिचा वास नाही. पण तू विचारलंस ना, कोणाशी बोलत होते म्हणून? माझ्याशी बोलत होतीस गं. आणि मी सगळं ऐकत होतो.