काचेचं कपाट

छाटणीची यादी दर जानेवारीत निघते. पाच वर्षं ज्या पुस्तकाला कुणी हात लावला नाही ते बाहेर, हा आमच्या हाउगविकच्या वाचनालयाचा नियम. आधी दाराजवळच्या टेबलावर ‘फुकट न्या’ म्हणून, मग रद्दीत. वीस वर्षं मी मुकाट्याने ही कामं करत आलेय. यंदा मात्र पहिल्याच पानावर गुडवेग हेलान यांच्या सातही कादंबऱ्या दिसल्या आणि माझं डोकं सटकलं.

गुडवेग चौऱ्याऐंशी वर्षांच्या. आयुष्यभर इथल्या कारखान्यात मासे डब्यांत भरले आणि तिथल्याच बायकांवर सात कादंबऱ्या लिहिल्या. दुकानात आता एकही मिळत नाही. गावात उरल्यात त्या आमच्याच प्रती.

यादी घेऊन मी तडक आस्ब्योर्नकडे गेले. तो आमचा प्रमुख.

“ही सात काचेच्या कपाटात ठेवू,” मी म्हटलं. दारातून आत आलं की समोर दिसतं ते कपाट गावच्या लेखकांचं. तिथली पुस्तकं लोकांना नेता येतात, पण त्यांना छाटणी लागू नाही.

“नाही बसत गं नियमात, तोरुन. ते कपाट इथे जन्मलेल्यांचं. त्या लग्न होऊन आल्या.”

“अठ्ठावन्न वर्षं झाली त्यांना येऊन!”

“मी काय करू? नियम माझ्या आधीचा आहे.”

“आणि तो एलिंग स्ट्रँड? दोन वर्षांचा असताना आईबापांबरोबर ओस्लोला गेला, तो आजतागायत इकडे फिरकला नाही. त्याचे बारा कवितासंग्रह दिव्याखाली दिमाखात बसलेत!”

“जन्म इथला ना पण,” असं म्हणून तो कॉफी ढवळत बसला.

जन्म म्हणे! त्यात त्या बाबाचं कर्तृत्व ते काय? त्या काळात बाई लग्न करून नवऱ्याच्या गावी यायची. मग तिने लेखिका व्हायचं तरी कुठल्या गावची? कपाटात चौदा लेखक, चौदाही पुरुष. आणि त्याच्या काचा वीस वर्षं पुसत होते मी. मला स्वतःचीच लाज वाटली.

निदान गुडवेगबाईंना आपल्याकडून कळावं म्हणून फोन केला.

“आली ना यादीत?” त्यांनीच विचारलं. “वाटलंच मला. गेल्या वर्षी खुबा मोडला बघ, यायला जमलंच नाही.”

“कशाला यायचं होतं?”

“पुस्तकं न्यायला गं! तळघरात ठेवलीत तुम्ही, दिसणार कुणाला? म्हणून दर चार वर्षांनी मीच सातही घेऊन जायची. महिनाभर घरी ठेवायची, परत आणून द्यायची. तूच तर मागच्या खेपेला काढून दिलीस. विचारलंस पण, ‘स्वतःचंच वाचता का?’ म्हणून.”

आठवलं. दोन कापडी पिशव्या, बर्फाने ओले झालेले बूट. मी तेव्हा हसलेसुद्धा होते.

“जाऊ दे पोरी,” त्या म्हणाल्या. “तुझा काय दोष?”

माझा नाही तर कुणाचा? फोन ठेवला, कपाटाची किल्ली घेतली. आधी संगणकात बघितलं. स्ट्रँडच्या कविता सव्वीस वर्षांत कुणीही नेल्या नव्हत्या. एकानेही नाही! बारा संग्रह हातगाडीत भरून तळघरात नेले, गुडवेगच्या फळीवर लावले, आणि तिथल्या सात कादंबऱ्या वर आणल्या. दिव्याखाली लावत होते तेवढ्यात आस्ब्योर्न धावत आला.

“हे काय चालवलंयस? स्ट्रँड कुठे गेले?”

“तळघरात. पाच वर्षांत कुणी मागितले तर राहतील.”

“अगं, कोण मागणार आहे त्यांना!”

ओरडून झाल्यावर आपण काय बोलून गेलो ते त्यालाच कळलं.

“मग त्याला येऊ दे की स्वतः,” मी म्हटलं. “दर चार वर्षांनी, पिशव्या घेऊन. गुडवेग यायच्याच ना.”

मी कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.