सिरिलची आवडती जागा

डंकनने डबा दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरला आणि झाकणाशी पुन्हा झटापट सुरू केली. स्मशानातून मिळालेला हिरवा प्लास्टिकचा डबा होता, चहापत्तीचा वाटावा असा. त्यात त्याच्या वडिलांची राख होती.

"रुमालाने धर," मेव्हिस म्हणाली.

"रुमालानेच धरलंय, आई."

कक्मिअर नदी इथे गोट्यांच्या किनाऱ्यातून वाट काढत समुद्राला मिळते. पलीकडे खडूचे पांढरेशुभ्र कडे ओळीने उभे होते आणि लोक त्यांच्याकडे पाठ करून स्वतःचेच फोटो काढत होते. वाऱ्याने नुसता उच्छाद मांडला होता. मेव्हिसने एका हाताने टोपी दाबून धरली होती. लग्न झाल्यापासून दर जूनमध्ये ती या वाऱ्यात अशीच टोपी धरून उभी राहत आली होती. सिरिलला ही जागा फार आवडायची. म्हणून तर त्याला इथेच निरोप द्यायचं तिने ठरवलं, आणि तिच्या पाठीमागे तिचंही इथेच करायचं, हेही मग ओघाने ठरून गेलं. मेल्यावरसुद्धा या वाऱ्यातून सुटका नाही, असं तिच्या मनात आलं. नवऱ्याची राख समोर असताना असलं काही मनात आणू नये, म्हणून तिने ते झटकून टाकलं.

शेजारी तिची नणंद एनिड काठीवर रेलून धापा टाकत होती. जिभेला हाड नसलेली बाई.

"बिचारा सिरिल," ती म्हणाली. "सुटला म्हणावं, तर शेवटी आणला इथेच."

"म्हणजे काय?"

"अगं, आता कशाला लपवायचं? त्याला ही जागा डोळ्यांसमोर नको असायची. दर जूनमध्ये माझ्याकडे येऊन तेच रडगाणं. गोट्यांवर पाय मुरगळतात, कान दुखतात, सँडविच हातातून उडतं. मी म्हणायचे, मग नको जाऊस. तर म्हणे, मेव्हिसचा जीव आहे त्या कड्यांवर, तिचं मन कसं मोडू?"

"माझा जीव?"

"त्याचा जीव होता त्या भाड्याच्या भाजीमळ्यात. मेल्यावर मला घेवड्याच्या वाफ्यात खत म्हणून टाका, म्हणायचा. हसत म्हणायचा, पण खरंच म्हणायचा."

लग्नानंतरच्या पहिल्या सहलीत, याच गोट्यांवर, सिरिलने विचारलं होतं, "आवडलं ना?" मेव्हिसचे बूट भिजले होते आणि पोटरीत गोळे आले होते. पण नवा नवरा, दोन बस बदलून हौसेने घेऊन आलेला. त्याला नाही कसं म्हणायचं? "खूप," ती म्हणाली होती. त्याने तो एक शब्द जपून ठेवला आणि पुढच्या जूनमध्ये तिला पुन्हा आणलं. तिला वाटलं, ही त्याचीच हौस. खरं तर तिला एखाद्या वर्षी हेस्टिंग्जला जाऊन बँडच्या तालावर नाचायचं होतं. भीड भिकेची बहीण म्हणतात. ती यांच्या संसारात कायमची राहायला आली होती.

"निघालं!" डंकन ओरडला. झाकण त्याच्या हातात होतं.

थांब, एवढंच म्हणायचं होतं. डबा बंद करून घरी नेता आला असता, वाफ्यात रिकामा करता आला असता. पण डंकनने रजा काढली होती, सुनेने, टॅम्सिनने, पहाटे उठून सँडविचं केली होती, आणि एनिड काठी टेकत एवढं अंतर चालली होती. एवढ्या सगळ्यांसमोर आता कुठे तमाशा करायचा? मेव्हिसने डबा घेतला.

"ओहोटी लागलीय, आई. भरतीचा तक्ता बघूनच आलोय. नदी बाबांना थेट समुद्रात नेईल."

तिने वाकून डबा उपडा केला. राख पाण्यावर पसरली, क्षणभर घुटमळली आणि मग सावकाश, समुद्राकडे पाठ फिरवून, आत जमिनीकडे निघाली.



"डंकन," टॅम्सिनने हळूच विचारलं, "तक्त्यात एक तास मिळवला होतास ना?"

तक्ते छापले जातात हिवाळ्यातल्या घड्याळाने. उन्हाळ्यात इथे घड्याळं तासभर पुढे सरकवतात, म्हणून त्यात एक तास मिळवायचा असतो, हे या किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. डंकनचे कान लाल झाले.

"घेवड्याकडे निघाला बघ!" एनिड हसली आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली.

मेव्हिसलाही हसू आलं, आणि पाठोपाठ संताप. "मेल्या, एकदा तरी बोलला असतास," ती पाण्याकडे बघत पुटपुटली. पण बोलली तर तीही नव्हती.

परतीची वाट नदीकाठानेच होती. करडा तवंग वळणावळणाने थोडा वेळ त्यांच्या सोबत आला आणि गाईंच्या कुरणापाशी दिसेनासा झाला.

गाडीत काचा वर करून त्यांनी थर्मासमधला चहा ओतून घेतला. डंकन ओशाळलेला होता, आणि ओशाळला की तो बेत आखायचा.

"दर जूनमध्ये यायचं," तो म्हणाला. "सगळ्यांनी. बाबांची जागा आहे ही. काय गं, टॅम्सिन?"

टॅम्सिन मागे बसून भिजलेले मोजे पिळत होती. तिने मान वर केली आणि हसली. ते हसू मेव्हिसने लगेच ओळखलं. तिने स्वतः ते जन्मभर वापरलं होतं.

"किती छान," टॅम्सिन म्हणाली.

मेव्हिसने कप खाली ठेवला आणि मागे वळली. "टॅम्सिन, तुला यायचं नसेल तर आत्ताच्या आत्ता नाही म्हण. कोणी वाईट वाटून घेणार नाही. म्हण बघू."

एनिडचा घास तोंडातच राहिला. डंकन आरशातून बायकोकडे बघत होता.

"अहो, काहीतरीच काय, मेव्हिस!" टॅम्सिनने पुढे वाकून तिच्या खांद्यावर हात ठेवला. "मला मनापासून आवडेल. आणि तुमचा इतका जीव आहे इथे."

मेव्हिसने तोंड उघडलं. डंकन तिच्याकडे वळला होता. वाऱ्याने लालबुंद झालेला त्याचा चेहरा थेट बापावर गेला होता.

"आवडतं ना तुला इथे, आई?"

"खूप," मेव्हिस म्हणाली आणि तिने अंड्याचं सँडविच उचललं.