कोण बोलतंय, ते आधी सांगा

रहिमतपूरच्या त्या आळीत फोन एकच, स्वप्नाच्या घरी. तो आला आणि त्याच्यामागून सगळी आळी घरात आली. कुणाचा मुंबईचा भाऊ, कुणाचा फौजेतला मुलगा, सगळ्यांनी हाच नंबर देऊन ठेवलेला. शेजारच्या रशीदाने तर शिलाईकामाच्या पाटीवरही तो रंगवून घेतला होता, पुढे 'पी.पी.' लिहून. म्हणजे फोन शेजाऱ्यांचा, पण निरोप मिळेल.

निरोप द्यायला धावायची ती नऊ वर्षांची यशोधरा, सगळ्यांची यशू. स्वप्नानेच तिला घडवलं होतं. कुणी विचारलं तर नाव सांगावं, इयत्ता सांगावी. "आई टायपिंगच्या क्लासवर शिकवायला गेलीय, चारला येईल," असं स्पष्ट बोलावं. मोठ्यांना उलट उत्तर देऊ नये. पोर पोपटासारखी बोलायची आणि ऐकणारे म्हणायचे, "वळण चांगलं लावलंय हो!" पदवीधर आईला आणखी काय हवं असतं?

एका दुपारी क्लास लवकर सुटला. स्वप्ना घरी आली, तर यशू फोनवर तोंडाशी हात धरून हळू हळू बोलत होती. आईला पाहताच तिने फोन ठेवला.

"कोण होतं गं?"

"राँग नंबर."

राँग नंबरशी कुणी असं कुजबुजत बोलतं का? स्वप्ना घोटाळ्यात पडली. मैत्रिणींकडे तर फोन नाही. मग वाटलं, कुणीतरी नात्यातलंच असेल. मग वाटलं, नात्यातलं असेल तर लपवायचं कशाला? नवऱ्याला, महेंद्रला, सांगावं, तर तो म्हणेल, तुला सगळीकडे साप दिसतात. आणि खरंच दिसत होते. रशीदाचा दीर अंगणातून हसला तरी ती यशूला आत बोलावून घ्यायची. मग स्वतःचीच लाज वाटायची.

दोन दिवसांनी ती क्लासला गेलीच नाही. फोन वाजला, तिने उचलला आणि गप्प राहिली.

"यशू बाळा, आई गेली ना?" मऊ, समजूतदार आवाज होता तो. "कोण बोलतंय?" म्हणताच फोन कट झाला.

स्वप्ना भेदरली. आणि त्या भीतीच्या भरात तिने जे करू नये तेच केलं. खेळून आलेल्या यशूला खसकन ओढलं आणि थोबाडीत दिली. "परक्या माणसाशी बोलतेस? लाज नाही वाटत?"

यशू रडलीसुद्धा नाही. भिंतीला टेकून बसली. कोण, कुठला, कधीपासून, स्वप्ना विचारत राहिली.

सासूबाई, चंद्राबाई, दारातून बघत होत्या. आता या म्हणणार, पोरीच्या जातीचा बोभाटा नको, असं स्वप्नाला वाटलं.

"तिला का मारतीस?" चंद्राबाई म्हणाल्या. "नाव सांग, गाव सांग, आई कवा येती ते सांग, ह्ये शिकवलं कुणी? तूच न्हवं? आन् मीबी ऐकून फुगत हुते. पोरीनं आपलं ऐकलं, म्हून तिला मार व्हय?"

"मग काय करू, आत्या? मला काही सुचत नाही."

"आदी तिच्याम्होरं खाली बस. मला सुचत न्हाई, ह्येच तिला सांग."

स्वप्ना जमिनीवर बसली. "यशू, चूक माझी झाली. मला भीती वाटली गं. तू काही सांगितलंस तरी मी मारणार नाही."

मग यशू म्हणाली, "फोनवाले काका म्हणाले होते, आईला सांगितलंस तर आई मारेल. आणि तू मारलंसच."

त्या माणसाचं खोटं स्वप्नाने स्वतःच्या हाताने खरं करून दाखवलं होतं!

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पहिल्यांदा काकांनी पाटीवरचा नंबर बघून ब्लाउजच्या शिलाईचा भाव विचारला. मग तिचं नाव. मग आई कधी नसते ते. मग फ्रॉक कुठला घातलास, एकटी आंघोळ करतेस का. ते नको वाटलं, पण मोठ्यांना नाही कसं म्हणायचं? येत्या शनिवारी नेहमीची सकाळची शाळा सुटली की एस.टी. स्टँडवर यायचं होतं. ते कंदी पेढे आणणार होते.

"पोलिसात गेलो तर गावभर होईल," महेंद्र म्हणाला.

"होऊ दे," स्वप्ना म्हणाली. "आपण झाकलं, तर तो दुसऱ्या घरी फोन लावेल."

शनिवारी यशू घरीच राहिली. स्टँडवर साध्या कपड्यातला हवालदार, रशीदा आणि चंद्राबाई उभे होते. पेढ्यांचा पुडा घेतलेला एक इस्त्रीच्या शर्टातला गृहस्थ शाळेच्या रस्त्याकडे बघत होता. चंद्राबाई सरळ त्याच्यापुढे गेल्या. "यशूची वाट बगताय न्हवं? मी तिची आजी."

पुडा टाकून गृहस्थ पळाला. हवालदाराने चार ढांगांत गाठला.

चौकीत त्याला पाहून स्वप्ना आणखीच गोंधळली. राक्षसासारखा दिसला असता, तर किती सोपं झालं असतं. तो कुणाच्याही काकासारखा दिसत होता.

"फोनच काढून टाकू," महेंद्र त्या संध्याकाळी म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, "पण कशाकशाला काढणार? मोठ्या शहरांत आता कॉम्प्युटरवरही अनोळखी लोकांशी गप्पा मारता येतात म्हणे."

"मशीन कुटलं का आसंना," चंद्राबाई म्हणाल्या, "पल्याड माणूसच की."

वाचकहो, आपण मुलांना वाकून नमस्कार करायला शिकवतो, पण मोठ्यांना 'नाही' म्हणायला शिकवत नाही. ते शिकवू या. आणि मूल काही सांगायला आलं, तर आपला हात आणि आवाज आवरू या. आईची भीती हेच अशा माणसांचं सगळ्यात मोठं हत्यार असतं.

फोन अजून त्याच जागी आहे. तो वाजतो, यशू उचलते. "कोण बोलतंय, ते आधी सांगा. आई इथंच बसलीय."

"आगं यशे, मी इलाहीचाचा. रशीदाला बोलाव की."

"चाचा असाल, तर तुमच्या बकरीचं नाव सांगा."

पलीकडून हसू येतं. "चमेली गं, माझे आई."

मगच यशू रशीदाच्या दाराकडे धावते.